रुमालाखालची बोटं

यंत्राला खोटं पाडायचं म्हणून मी तो व्हिडिओ मागवला होता. आदल्या दिवशी आमच्या मेडिकल कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये, म्हणजे तपासणीचा हात घटवायच्या खोल्यांत, फायनलच्या चाळीस मुलामुलींची सराव परीक्षा झाली. आठ स्टेशनं, प्रत्येकी सात मिनिटं, घंटा झाली की पुढच्या खोलीत. माझ्या खोलीत पोटाची तपासणी होती. मार्च संपत आलेला, बाहेर डांबर मऊ पडायला लागलेलं, आणि आत एसीचा असा गारठा की पेशंट होऊन पलंगावर झोपलेल्या मावशींच्या दंडावर काटा उभा होता. या वेळी एक गोष्ट नवी होती. छताला दोन कॅमेरे आणि पलंगाच्या उशाशी मायक्रोफोन. एका कंपनीचं सॉफ्टवेअर महिनाभर वापरून बघायला आलं होतं. माझ्या हातात बावीस मुद्द्यांची जी यादी होती तीच त्यालाही दिलेली. मी पेनाने टिक करत जाणार, ते त्याच्या पद्धतीने करणार, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहायचे.

बहुतेक ठिकाणी आमचं जमलं. सतरा नंबरच्या मुलीपाशी अडलं. ‘पोट चाचपताना रुग्णाच्या चेहऱ्याकडे लक्ष होतं’ या मुद्द्यावर माझी टिक होती, त्याची फुली. मुलगी माझ्या आवडत्यांपैकी. एप्रनला इस्त्री, अक्षर मोत्यासारखं, राऊंडला सगळ्यात पुढे. मी मनात म्हटलं, सापडला लेकाचा. आणि पाहायला बसले. पडद्यावर ती येते, हाताला सॅनिटायझर लावते, नाव सांगते, परवानगी विचारते, पलंगाच्या उंचीला गुडघ्यांवर बसते, पंजा सपाट ठेवते. सगळं पुस्तकातल्यासारखं. फक्त तिची नजर स्वतःच्या बोटांवरून हलत नाही. उजव्या बरगडीखाली दाबल्यावर चेहरा वेडावाकडा करायचा असं मावशींना शिकवलेलं होतं. त्या करतात, चांगला दोन सेकंद करतात. मुलीला पत्ताच नाही. शेवटी मावशी आपण होऊन ‘आई गं’ म्हणतात तेव्हा ती दचकून वर पाहते. मी व्हिडिओ मागे नेला, पुन्हा पाहिला. यंत्र बरोबर होतं.

मग पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात मला एक कोपर दिसलं. जांभळ्या साडीचा काठ, मांडीवर क्लिपबोर्ड, क्लिपबोर्डवर मोबाईल. भाच्याच्या साखरपुड्यासाठी हॉल बघणं चाललं होतं आणि घरच्या ग्रुपवर फोटो येत होते. सात मिनिटांत त्या बाईने मान दोनदा वर केली. मधूनमधून तिचा पेन मात्र हलत होता. टिक, टिक, टिक.

यंत्राने ती चूक धरलीच नव्हती. माझ्याकडे पाहायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

चेहऱ्याकडे पाहायचं, हे मला ज्यांनी शिकवलं ते सर आता नाहीत. ते म्हणायचे, पोट हाताने तपासतात आणि दुखणं डोळ्याने. हिवाळ्यात राऊंडला निघण्याआधी ते पंजे काखेत धरून दोन मिनिटं उभे राहायचे, नागपूरच्या डिसेंबरात सायकलवरून आलेला माणूस राहतो तसे. थंड हात पोटाला लागला की पोट लाकडासारखं होतं आणि मग आतलं काही कळत नाही, हे त्यांनी कधी फळ्यावर लिहिलं नाही. आम्ही त्यांना काखेत हात धरताना पाहिलं आणि आमचेही हात काखेत जायला लागले. माझे अजून जातात. माझ्या विद्यार्थ्यांनी माझ्याकडे पाहून काय उचललं असेल, हा प्रश्न त्या जांभळ्या काठानंतर मला नकोसा झाला आहे.

आता एक कबुली. १९९१ ची गोष्ट, कॉलेजचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून माझ्याशी बोलतात. फायनलच्या प्रॅक्टिकलला मला लाँग केस, म्हणजे एकच रुग्ण सविस्तर तपासून मांडायचा, आली ती भंडाऱ्याकडच्या एका गृहस्थांची, चाळिशीतले असावेत. हे गृहस्थ परीक्षेला नवे नव्हते. वर्षाआड बोलावणं यायचं, चहा-बिस्किटं, केळी, जाण्यायेण्याचं भाडं मिळायचं. पंचेचाळीस मिनिटं मी आणि ते, मध्ये हिरवा पडदा. माझे हात बर्फ झालेले. मी दाबत होते आणि मला फक्त माझ्याच बोटांतली धडधड लागत होती. त्यांना माझी कीव आली असावी. हळूच म्हणाले, “पोरी, पानथरी हाये. तीन बोटं. मागच्या साली सगळ्याईनं तीनच सांगतली.” पानथरी म्हणजे प्लीहा, इंग्रजीत स्प्लीन; तिच्या काठावर खाच असते, ती नॉच. पडदा सरकला, परीक्षक आले, म्हणाले, “स्प्लीन?” मी म्हटलं, बरगडीखाली तीन बोटं, सर. “नॉच लागली?” लागली, सर. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पलंगाकडे गेले. मला हात ठेवून दाखवायला त्यांनी सांगितलं नाही, स्वतःही ठेवला नाही. न लागलेल्या पानथरीवर मी पास झाले.

पहिली खरी पानथरी लागली ती पुढच्या वर्षी, हाऊसमन म्हणजे वॉर्डातली ज्युनियर डॉक्टर असताना, रात्री अडीचला, गडचिरोलीहून आलेल्या मलेरियाच्या एका पोराच्या पोटात. प्लीहा दुपटी-तिपटीने वाढल्याशिवाय हाताला लागत नाही. उजव्या जांघेच्या वरून सुरुवात करायची, तिरकं तिरकं डाव्या बरगडीकडे सरकायचं, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून म्हणायचं, घ्या श्वास. बोटं आपण खुपसायची नसतात. ती ठेवून द्यायची आणि वाट पाहायची, श्वासाबरोबर ती खाली उतरते आणि येऊन टेकते. भरलेल्या माठाच्या काठाला अंधारात बोट लागावं तशी ती लागली. मी एकदम हसले असणार, कारण पोराच्या आईने विचारलं, “का झालं बाई, बरा हाये ना?” त्या क्षणी मला भंडाऱ्याच्या त्या गृहस्थांची आठवण झाली आणि कानशिलं तापली.

माझ्या मामांची काटोलकडे संत्र्याची बाग होती. शाळेत असताना एकदा मी त्यांच्याबरोबर मंडीत गेले होते. गाडीभर आंबिया बहार, पहाटेची थंडी, संत्र्याच्या सालीचा डोळ्यांत झोंबणारा वास. दलाल आणि व्यापारी समोरासमोर उभे राहिले, दोघांच्या हातांवर रुमाल पडला, रुमालाखाली बोटं बोटांना दाबत राहिली. चेहऱ्यावर काही नाही. जवळच मामा उभे, वर्षभराचा घाम त्या ढिगात, आणि त्यांनाच भाव माहीत नाही. खिशात पैसे पडले तेव्हा कळला. “आपल्याच मालाचा भाव आपल्याले नाही विचारत,” एवढंच ते परतताना बोलले. पुढे कितीतरी वर्षांनी मी परीक्षक म्हणून दुसऱ्या गावी गेले आणि तो रुमाल मला पुन्हा दिसला. इंटर्नल म्हणजे तिथला परीक्षक, एक्स्टर्नल म्हणजे बाहेरून आलेली मी, मध्ये गुणांचा कागद. “यांचं काय करायचं मॅडम?” भुवई थोडी वर. “बरा आहे पोरगा.” “मग घेऊन टाकू.” मुलगा दाराबाहेर हात चोळत उभा. आत त्याच्या साडेचार वर्षांचा भाव बोटांवर ठरलेला.

हे माझ्या आधीच्या लोकांना कळत नव्हतं असं नाही. स्कॉटलंडमध्ये डंडीला रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये याच दुखण्यावर उतारा काढला. एकच रुग्ण आणि एकच परीक्षक यावर पोराचं नशीब टांगायचं नाही, छोटी छोटी स्टेशनं करायची, प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक, आणि सगळ्यांच्या हातात एकच यादी. त्याचंच नाव ऑस्की. आपल्याकडे २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमाने स्किल लॅब सक्तीची केली आणि कौशल्यांच्या याद्या, मुलांनी काय काय केलं त्याच्या नोंदवह्या म्हणजे लॉगबुकं आली. यादी आली म्हणून माणूस बदलत नाही हेही मग कळलं. ब्रिटनमधल्या एमआरसीपी या डॉक्टरांच्या पदव्युत्तर परीक्षेतल्या प्रत्यक्ष तपासणीचा एक मोठा अभ्यास २००६ मध्ये आला होता. उमेदवार, स्टेशन आणि परीक्षक यांच्यामुळे गुणांत जो फरक पडतो, त्यातला १२ टक्के निव्वळ परीक्षक कडक की मवाळ यावरून पडत होता. तिकडे कडक परीक्षकांना ससाणे आणि मवाळांना कबुतरं म्हणतात. मी स्वतःला कायम ससाणा समजत आले. सॉफ्टवेअरबरोबर आयटी पार्कमधून जो मुलगा आला होता, त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवून अतिशय अदबीने सांगितलं की मॅडम, जेवणाआधीच्या वीस मुलांना तुम्ही दिलेले गुण आणि जेवणानंतरच्या वीसांना दिलेले, यात फरक आहे. जेवायला त्या दिवशी सांबारवडी होती. ससाणा पोटभर जेवला की कबूतर होतो.

आणि लॉगबुकं? वर्षाच्या शेवटी गठ्ठ्याने टेबलावर येतात. ‘प्रत्यक्ष पाहिले’ असं छापलेल्या रकान्यात मी सह्या करते. एका दुपारी शंभर, दीडशे. शाई वाळायच्या आत पान उलटतं म्हणून समोरच्या पानावर माझ्या सहीचा उलटा ठसा उठतो.

म्हणून यंत्राविषयी लोक जेव्हा मला सांगतात, अहो मॅडम, डॉक्टरकी ही माणसाने माणसाकडून शिकायची विद्या, तिथे कॅमेरा कशाला, तेव्हा माझी मान हलायला लागते आणि मध्येच अडकते. पलंगाशेजारची ती खुर्ची कॅमेऱ्याने बळकावली हे मला म्हणवत नाही. ती रिकामीच होती. मुलगा पोट तपासतो, बाहेर येऊन सांगतो, आम्ही ते सांगणं तपासतो. सांगणं चांगलं असलं की हात चांगला असणार असं धरून चालतो. तीस वर्षं मी मुलांची भाषणं तपासली आणि त्याला क्लिनिकल परीक्षा म्हटलं.

काही ठिकाणी तर मला यंत्राबद्दल शंकाच नाही. छाती दाबण्याचा पुतळा घ्या. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे शेजारी उभं राहून डोळ्याने मापणं कुणाच्या बापाला जमत नाही. पुतळ्याच्या पोटातला सेन्सर मापतो, मुलांना पडद्यावर रेघ दिसते, तिसऱ्या प्रयत्नात हात सुधारतो. टाके घालणाऱ्या हातांचंही तसंच. सुई किती वेळा उगाच हवेत फिरली, दोरा किती वेळा ओढला, हे व्हिडिओवरून मोजतात. अमेरिकेत डॅलसच्या एका विद्यापीठात तर मुलांनी रुग्ण पाहून लिहिलेल्या नोंदी भाषेचं एआय मॉडेल तपासतं. शंभर नोंदी तपासल्यावर एकशेएकाव्या नोंदीला माझी अक्कल कुठे असते ते मला ठाऊक आहे, त्यामुळे यावरही मी हसत नाही.

पण मग एकतिसावा नंबर आला. मुलगा गडचिरोलीतल्या कुरखेड्याकडचा, उंच, हडकुळा, वर्गात शेवटच्या बाकावरचा. इंग्रजीत केस सांगायला लागला की त्याचा घाम बघवत नाही. मावशीही त्याच भागातल्या, वडशाच्या. लहानपणापासून झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र बघितलेली बाई, त्यामुळे त्यांचा अभिनय आमच्या प्राध्यापकांच्या अभिनयापेक्षा कितीतरी बरा. तर हा मुलगा आत आला, मावशींच्या दोन वाक्यांतच त्याला गाव कळलं आणि तो आपल्या बोलीत शिरला. पोटात गोळा उठते का, जेवन जाते का बराबर, संडास साफ होते का. मावशींचं अंग सैल पडलेलं मी बघितलं. हो, त्या वेळी मी बघत होते. यंत्राच्या कागदावर मात्र ‘भुकेविषयी विचारलं’ यापुढे फुली. मी मायक्रोफोनने टिपलेला मजकूर काढायला लावला. ‘जेवन जाते का बराबर’ याचं त्याने केलं होतं, ‘जीवन जाते का बरोबर?’

आम्ही दोघं, मी आणि तो आयटीवाला, खूप हसलो. मग मी त्याला म्हटलं, हे वाचून तुझं यंत्र थांबलं कसं नाही रे, एवढा मोठा प्रश्न विचारला पोराने. तो म्हणाला, मॅडम, डेटा मिळाला की सुधारेल. सुधारेलही. मला त्याचा राग नाही. अमेरिकेत २०२० मध्ये पाच मोठ्या कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणा तपासल्या होत्या, तेव्हा गोऱ्या माणसांच्या बोलण्यात शंभरातले सरासरी एकोणीस शब्द चुकत होते आणि काळ्या माणसांच्या बोलण्यात पस्तीस. ते तर इंग्रजी, आणि तेही तिथल्याच माणसांचं. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडी बोलीचा नंबर लागेतो मावशी रिटायर होतील. आणि खरं सांगायचं तर हा रोग यंत्राच्या आधीचा आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात प्लीहा लहानपणीच सुकून जाते असं आम्ही बाहेरच्या पुस्तकांत वाचलं आणि घोकलं. विदर्भातल्या सिकलच्या कितीतरी तरुण पोरांत ती चांगली हाताला लागते. इकडच्या सिकलची जात थोडी वेगळी, पोरांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं. ते कळायच्या आधी एखाद्या पोराने प्लीहा लागली म्हणून खरं सांगितलं असेल आणि पुस्तक वाचलेल्या परीक्षकाने त्याला फुली दिली असेल, असं माझ्या मनात येतं. कदाचित मीच.

मग आली मुलांची हुशारी. चेहऱ्याकडे पाहण्याचे गुण कॅमेरा मान किती वळली यावरून देतो, ही बातमी दोन दिवसांत हॉस्टेलच्या मेसमध्ये पोचली. पुढच्या आठवड्याच्या बॅचमध्ये पोरं पोट दाबताना मान टेबलफॅनसारखी फिरवत होती. पोट, चेहरा, पोट, चेहरा, ठरावीक तालात, आणि चेहऱ्यावर पोचलेल्या डोळ्यांत काही म्हणजे काही नाही. सगळ्यांना पूर्ण गुण. ‘सहानुभूती व्यक्त केली’ या मुद्द्यासाठी एकीने आत येताक्षणी, मावशींनी तोंड उघडायच्या आधीच सांगून टाकलं की तुम्हाला किती त्रास होतोय ते मला समजतंय. यंत्राची टिक. यावर आमच्या स्टाफरूममध्ये फार चर्चा झाली, यंत्र आलं आणि पोरं नाटकी झाली म्हणून. मी गप्प होते. यंत्र येण्याआधी दहा वर्षं ही पोरं परीक्षकासमोर हवेत हात चोळून ‘मी हात धुतले आहेत’ असं तोंडाने म्हणत होती आणि आम्ही गुण देत होतो. तेव्हा नळ तीन पावलांवर होता.

रुमालाबद्दल मात्र माझं अजून नक्की होत नाही. एका वर्षी एक मुलगा आला होता, परीक्षेच्या बारा दिवस आधी त्याचे वडील गेले होते. डोक्यावर नुकते खुंट उगवलेले. केस साफ चुकली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि रुमालाखाली दोन गुण त्याच्या पदरात टाकले. आज तो चंद्रपूर जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात आहे आणि चांगला आहे असं ऐकते. रुमाल काढून टाकला तर ते दोन गुण कुठल्या रकान्यात मांडायचे? आणि त्याच दिवशी, त्याच रुमालाखाली, ज्याचं दुःख डोक्यावर दिसत नव्हतं असा कुणी दोन गुणांनी राहून गेला का, हे मी तेव्हा पाहिलं नाही. आता पाहता येणार नाही.

या सगळ्यात मावशींना कोणी काही विचारलं नव्हतं. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने चित्रकारांसमोर बसणाऱ्या एका मॉडेलला रुग्णाची भूमिका शिकवली, आणि मुलं निघून गेली की तिनेच त्यांच्याबद्दल लिहून द्यायचं अशी सोय केली. म्हणजे पहिल्या दिवसापासून पेशंट होणारी व्यक्ती परीक्षकही होती. आम्ही ती भूमिका घेतली आणि तो कागद विसरलो. मावशींना दिवसाचे पैसे, जेवण, आणि इंग्रजीत छापलेलं एक संमतीपत्र. त्यावर सही करण्याआधी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “मॅडम, माहं पोट टीव्हीवर त नाही ना दिसणार?” मी म्हटलं नाही. कंपनीच्या कुठल्या कॉम्प्युटरवर किती दिवस राहणार, हे मलाही माहीत नव्हतं. तो प्रश्न मी नंतर लेखी विचारला. उत्तर यायचं आहे.

व्हिडिओ पाहिला त्या संध्याकाळी मावशी लॅबच्या बाहेर पायरीवर बसून डबा धूत होत्या. मी शेजारी बसले. पायरी अजून तापलेली होती, साडीतून चटका लागत होता. विचारलं, मावशी, चाळीस पोरं झाली काल, कोणाचा हात चांगला? त्यांनी अजिबात विचार केला नाही. “त्या उंच पोराचा. हात गरम होता त्याचा. अन दाबाच्या आंधी सांगे, आता दाबतो जी.” आणि ती सतरा नंबरची, चष्मेवाली? “हुशार हाये. पण ते पोट पाहून राहिली होती, मी कुठी दिसली तिले?” मी काही बोलले नाही. डब्याचं झाकण आपटून त्यांनी पाणी झटकलं आणि सहज, कसलाही खार न लावता म्हणाल्या, “तुम्ही त मोबाईल पाहून राहिल्या होत्या.”

म्हणजे साक्षीदार दोन होते आणि दोघांनीही तेच पाहिलं होतं.

सतरा नंबरच्या मुलीला मी बोलावलं. व्हिडिओ दाखवला, संपूर्ण, कोपऱ्यासकट. तिने तो नीट पाहिला. मग चष्मा वर सरकवत म्हणाली, “मॅडम, पण तुम्ही तर टिक केली होती.” मी म्हटलं, हो, केली होती. यावर पुढे काय बोलायचं ते आम्हा दोघींनाही सुचेना. बाहेर घंटा झाली, कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. तिची एक टिक मी खोडली आणि बाजूला सही केली. या वेळी शाई वाळू दिली.

दुसऱ्या दिवशी तिला वॉर्डात नेलं. तिथे कॅमेरा नाही, कूलर आहे, वाळ्याचा ओला वास आहे, आणि पंख्याच्या आवाजात फुफ्फुसांचा आवाज ऐकू येत नाही अशी जुनी तक्रार आहे. बेड नंबर नऊवर देवरीकडचा वीस वर्षांचा पोरगा, सिकलचा, हाडांच्या दुखण्याने आलेला आणि आता जरा सावरलेला. मी सकाळीच त्याचं पोट पाहिलं होतं. मुलीने हात काखेत धरले. हे तिने माझ्याकडे पाहून केलं की उन्हातून आलेल्या हातांना कूलरचं वारं लागलं म्हणून, माहीत नाही. मी खुर्ची पायथ्याकडून उचलली आणि उशाशी आणून ठेवली. मोबाईल सिस्टरच्या टेबलावर होता. तिने उजव्या जांघेच्या वरून सुरुवात केली. आता दाबते हं. श्वास घ्या. सोडा. घ्या. बोटं तिरकी वर सरकत गेली, डोळे पोरावर होते, मधूनच बोटांवर घसरायचे आणि ती त्यांना परत वर आणायची. बरगडीपर्यंत पोचली. थांबली.

“लागली?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ही म्हणणार, लागली, दोन बोटं. केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, आणि केसपेपर तिच्या समोरच लटकत होता.

“नाही मॅडम. नाही लागली.”

माझ्या चेहऱ्यावर काय आलं असेल कोण जाणे. पोरगा मात्र अस्वस्थ झाला. त्याला तिची कीव आली असावी. हाताने डाव्या बरगडीखाली दाखवत म्हणाला, “मॅडम, इथं पाहा ना, सगळे इथंच पायते, दोन बोटं...”

“तू सांगू नको रे,” मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असेन, कारण आठ नंबरची बाई उठून बसली.

मुलीने तळहात एकमेकांवर घासले आणि पुन्हा खालून, उजव्या जांघेच्या वरून सुरुवात केली.